युवा सल्लागार गट बसवताना: आधी निर्णय शोधा, मुलं नंतर निवडा

देणगीदाराकडून मेल येतो: पुढच्या अहवालात ‘युवा सहभाग’ दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी जवळच्या महाविद्यालयातल्या एनएसएस अधिकाऱ्यांना फोन जातो, बारा-पंधरा मुलं येतात, टोप्या वाटल्या जातात, बॅनरसमोर फोटो निघतो आणि त्रैमासिक अहवालातला रकाना भरतो. वर्षाअखेरीस बाहेरचे मूल्यमापक येतात आणि त्यातल्या एका मुलाला विचारतात, ‘तुमच्या सांगण्यावरून प्रकल्पात काय बदललं?’ मुलगा समन्वयकाच्या तोंडाकडे बघत राहतो.

हा लेख त्या समन्वयकांसाठी आहे. युवा सल्लागार गट म्हणजे प्रकल्पाच्या निर्णयांवर मत देणारा तरुणांचा छोटा गट. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना किंवा जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या निधीसंस्थांच्या मदतीने जिल्ह्या-तालुक्यात काम करणाऱ्या संस्थांमध्ये हेतू बहुधा चांगलाच असतो, क्रम मात्र चुकतो. आधी मुलं गोळा होतात, मग त्यांना काय विचारायचं याचा शोध सुरू होतो. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे आणि वेळखाऊ आहे. पहिली बैठक होईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जातात. तेवढे हातात नसतील तर गट बसवू नका. देणगीदाराला तसं लेखी कळवा आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घाला. घाईत बसवलेला गट मोडायला फार त्रास होतो, कारण मुलं नाराज होऊन गावात परत गेलेली असतात.

टप्पा १: निर्णय शोधा

प्रकल्पाचा वार्षिक आराखडा आणि बजेट समोर घ्या. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा: हे कोण ठरवतं आणि कधी ठरवतं. ओळींचे तीन ढीग पडतील. काही गोष्टी दिल्लीत किंवा जिनिव्हात ठरून आलेल्या असतात, जसं औषधाचा डोस, लसीचं वेळापत्रक, निर्देशक म्हणजे काम मोजायचे आकडे. काही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या पातळीवर ठरतात. आणि काही तुमच्याच ऑफिसात, तुमच्या टेबलावर ठरतात. तरुणांच्या गटाला पहिल्या ढिगातलं काही देऊ नका. त्यावर दोन तास चर्चा घेऊन शेवटी ‘पण हे तर वरून आलंय’ म्हणायचं, यासारखा विश्वास घालवणारा दुसरा प्रकार नाही.

उदाहरण घेऊ. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. शाळेत जाणाऱ्यांना शाळेत, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. तुमचा प्रकल्प या कार्यक्रमाला पाठबळ देतो असं धरा. गोळीत किती लोह असावं हा गटाचा विषय नाही. शाळा सुटलेल्या मुली अंगणवाडीकडे फिरकत नाहीत, मग गोळी त्यांच्या हातात कुठे, कोणत्या वारी, कोणाकडून पडावी, हा मात्र त्यांचाच विषय आहे. त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा त्यांना जास्त नेमकं माहीत असतं.

मग सहभाग किती खोल, हे ठरवा. युनिसेफच्या फ्लॉरेन्समधल्या केंद्रासाठी रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मांडलेली ‘सहभागाची शिडी’ इथे अजून उपयोगी पडते. तिच्या आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावट म्हणून उभं करणं आणि नावापुरतं बसवणं. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. टोपी-बॅनरचा कार्यक्रम याच तिघींत कुठेतरी बसतो. वरच्या पायरीचा हट्टही नको. ‘मत तुमचं घेऊ, निर्णय आम्ही घेऊ, पण कारण सांगू’ ही पायरीसुद्धा प्रामाणिक आहे, फक्त ती मुलांना पहिल्या दिवशी सांगितलेली असावी.

तपासा: हे वाक्य भरून बघा. ‘अमुक निर्णय अमुक महिन्यात अमुक व्यक्ती घेणार आहे आणि त्यात गटाचं मत अमुक प्रकारे धरलं जाईल.’ एकही जागा रिकामी राहिली तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा २: दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

एक कॅलेंडर संस्थेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळाची मुख्य बैठक जानेवारीत आणि जागतिक आरोग्य परिषद, म्हणजे सदस्य देशांची वार्षिक सभा, मे महिन्यात, दोन्ही जिनिव्हात. त्यांच्यासाठी मतं, निवेदनं, उदाहरणं मागणारे मेल आधीच्या काही आठवड्यांत तुमच्यापर्यंत झिरपतात. तुमच्या देणगीदाराचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं की एप्रिलमध्ये, हेही बघून ठेवा. बजेट पक्कं झाल्यावर सल्ला मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दुसरं कॅलेंडर मुलांचं. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बारावीची प्रात्यक्षिकं त्याआधी. जून-जुलैत पेरणी. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तोवर त्यांच्या मुलांना बैठकीचा निरोप देऊन काही उपयोग नाही. गणपती, नवरात्र आहेतच. दोन्ही एकमेकांवर ठेवली की दिसतं की मे महिना दोघांना जमणारा आहे आणि जानेवारी मुलांना अजिबात न जमणारा. जानेवारीसाठी काही हवं असेल तर गटाचं काम नोव्हेंबरात उरकायला हवं. ऊसतोडीच्या पट्ट्यात तेही चालत नाही. तिथे सप्टेंबर धरा.

टप्पा ३: वय, संमती, सुरक्षितता

‘युवा’ म्हणजे किती वर्षांचा, यावर प्रत्येक कागद वेगळं बोलतो. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४, भारताच्या २०१४च्या युवा धोरणात १५ ते २९, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९. तुमच्या देणगीदाराची व्याख्या विचारून घ्या. पण तुमच्या दृष्टीने खरी रेघ एकच, १८ वर्षं. पहिल्यांदाच गट बसवत असाल तर १८ ते २४ घ्या असं मी सुचवेन. त्याखालचे घ्यायचेच असतील तर पुढचं सगळं आधी उभं करा.

पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची होकाराची सही, दोन्ही लागतात. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनासाठी १२ ते १८ वयोगटाची स्वतंत्र लेखी अनुमती सांगितली आहे. सल्लागार गट म्हणजे संशोधन नव्हे, तरी पद्धत तीच ठेवा. बापाने सही केली म्हणून पोरगी यायला तयार आहे असं होत नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. गूगल फॉर्मवर मुलांची नावं, मोबाईल, आधार क्रमांक मागवण्याची सवय मोडा. आधार तर मागूच नका. बसभाडं द्यायला ते कशाला लागतं?

सावधान: गटात बोलता बोलता एखादं मूल स्वतःवर झालेला लैंगिक अत्याचार सांगू शकतं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ खाली अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे आणि न देणं हा गुन्हा. ‘इथलं बोलणं इथेच राहील’ असं सरसकट वचन म्हणूनच देऊ नका. काय इथेच राहील आणि काय पुढे सांगावं लागेल, हे पहिल्या बैठकीत साध्या भाषेत सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लावा.

एचआयव्हीसोबत जगणारे तरुण गटात असतील तर आणखी काळजी. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्यांच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्यांची स्थिती उघड करता येत नाही. ‘एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून) आलेले तीन प्रतिनिधी’ असं हजेरीपटावर लिहिणं म्हणजेसुद्धा उघड करणंच. हजेरीपट अहवालाला जोडला जातो आणि अहवाल कुठे कुठे फिरतो ते तुम्हाला माहीत आहे.

फोटोसाठी वेगळी सही घ्या. बैठकीला होकार म्हणजे फोटोला होकार नाही.

टप्पा ४: पैशाची वाट आधी मोकळी करा

चांगले गट सर्वात जास्त इथे मोडतात. समन्वयक तोंडी ‘भाडं देऊ’ म्हणतो, हिशेबनीस मूळ तिकीट, सही, बँक तपशील आणि तीन आठवडे मागतो, आणि धडगावसारख्या लांबच्या गावाहून आलेल्या पोराला परत जायला उसने पैसे घ्यावे लागतात. त्या पोराला पुढच्या बैठकीला विसराच.

सीएला पहिला प्रश्न विचारा: हा पैसा परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली येतो का? संयुक्त राष्ट्रं आणि तिच्या विशेष संस्था, म्हणजे युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना वगैरे, या कायद्याच्या ‘परदेशी स्रोत’ या व्याख्येबाहेर आहेत. परदेशी फाउंडेशन किंवा परदेशी एनजीओ मात्र आत येतात. आणि तसा पैसा २०२०च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या कोणत्याही संस्थेला पुढे देता येत नाही. गावातल्या युवा मंडळाला छोटं अनुदान देण्याची कल्पना कितीही छान असली तरी या पैशातून ती बंद. खर्च तुमच्या संस्थेनेच थेट करायचा: तिकीट, जेवण, मुक्काम, मानधन. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही त्याच दुरुस्तीने २० टक्क्यांवर आली. त्यामुळे गटाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हे आधीच ठरवून घ्या. कार्यक्रमाचा खर्च प्रशासनात घुसला की वर्षाअखेरीस धावपळ होते.

दर आधी लिहून काढा आणि सगळ्यांना एकच द्या. प्रवासखर्च आगाऊ, निदान एका बाजूचा. महाराष्ट्रात मार्च २०२३पासून बायका-मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणून मुलीचं भाडं निम्मं धरून मोकळे होऊ नका. तिच्यासोबत बाप किंवा भाऊ येणार, त्याचं पूर्ण तिकीट आणि जेवण तुमच्या अंदाजपत्रकात हवं. वडापने, म्हणजे खासगी जीपने, यावं लागत असेल तर तिकीट मिळणार नाही, तेव्हा सहीचं साधं व्हाउचर चालेल असं हिशेब विभागाकडून लेखी घ्या.

मानधनाबद्दल मतभेद आहेत. माझं मत सरळ आहे: त्याच खोलीत बसलेल्या सल्लागाराला दिवसाचे पैसे मिळत असतील आणि त्याच वेळी रोजंदारी बुडवून आलेल्या पोराला ‘शिकायला मिळतंय ना’ असं सांगितलं जात असेल, तर ते बरोबर नाही. निदान बुडालेला रोज भरून द्या.

तपासा: हिशेबनिसाला सोबत घेऊन एका काल्पनिक सदस्याचं बिल सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून बघा. हातात पैसे पडायला बैठकीच्या दिवसापलीकडे वेळ लागत असेल तर पद्धत बदला.

टप्पा ५: आता निवड

आठ ते बारा जण पुरे. त्याहून जास्त झाले की चार बोलतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात.

कोण हवं, हे टप्पा १ मधला निर्णय सांगतो. विषय शाळा सुटलेल्या मुलींचा असेल आणि गटात सगळ्या बीएस्सीच्या विद्यार्थिनी असतील तर उत्तर पुस्तकी येणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. म्हणजे जिच्याबद्दल तुम्ही योजना आखताय ती ‘मुलगी’ अनेकदा कुणाची तरी सून असते, कडेवर लेकरू असतं. तिला गटात आणायचं तर नवऱ्याशी-सासूशी बोलावं लागेल, मूल सांभाळायला माणूस ठेवावा लागेल, बैठक संध्याकाळच्या आत संपवावी लागेल. हे अवघड आहे म्हणूनच ती कोणत्याच गटात नसते.

मुलं शोधायच्या जागा: आयटीआय, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातले ‘साथिया’ म्हणजे प्रशिक्षित समवयस्क शिक्षक, ग्रामीण रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक, बचत गटातल्या बायकांच्या सुना, बाजारपेठेतली दुकानांत काम करणारी पोरं, आणि मग महाविद्यालयं. मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकांना विचारा, पण नावं त्यांच्याकडून घेऊ नका. निरोप त्यांनी द्यावा, यायचं की नाही ते मुलांनी ठरवावं.

निवडीचा अर्ज एका पानाचा, मराठीत, आणि तोंडीही चालेल असा. तीन प्रश्न पुरे आहेत: तुमच्या गावात दवाखान्यात जाताना तुमच्या वयाच्या मुलांना काय अडतं? महिन्यातून एक दिवस येता येईल का, आणि कोणता? तुम्ही गटात आहात हे घरी कोणाकोणाला कळलेलं चालेल? तिसरा प्रश्न लोक वगळतात. तो वगळू नका.

सावधान: सरपंचाची मुलगी, संस्थेच्या कार्यकर्त्याचा भाचा, आशाताईंचा मुलगा. तिघंही गुणी असतील. पण पहिल्या गटात अशी दोन-तीन नावं दिसली की गावाला संदेश जायचा तो जातो. निवड समितीत तुमच्या संस्थेबाहेरचा निदान एक माणूस आणि आधीच्या कुठल्यातरी गटातला एक तरुण ठेवा.

मुदत एक वर्ष, फार तर दोन. निम्मे सदस्य एका वेळी बदलतील असं पाहा, नाहीतर दर वर्षी शून्यापासून सुरुवात होते.

टप्पा ६: दोन पानांचा कागद

आंतरराष्ट्रीय संस्थेकडून येणारा कागद इंग्रजीत, चाळीस पानी आणि संक्षेपांनी भरलेला असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलणं म्हणजे माहिती देणं नव्हे. बैठकीच्या किमान सात दिवस आधी मराठीत दोन पानांचा कागद मुलांच्या हातात हवा, आणि ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी तोच कागद कोणीतरी वाचून रेकॉर्ड केलेला. निळ्या गोळीच्या विषयाचा कागद असा दिसेल:

प्रश्न: शाळा सुटलेल्या मुली गोळी घ्यायला अंगणवाडीत येत नाहीत. गोळी त्यांच्यापर्यंत कशी जावी?

ठरलेलं आहे: आठवड्याला एक गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल, उपाशीपोटी घ्यायची नाही. यात बदल होणार नाही.

ठरायचं आहे: जागा, वार, वेळ आणि गोळी कोणाच्या हातून.

पर्याय: अंगणवाडीतच, पण संध्याकाळी; आशाताई घरी नेऊन देतील; गावातलीच एखादी मुलगी, साथिया म्हणून. चौथा पर्याय तुमच्याकडे असेल तर तो.

प्रत्येक पर्यायाचा वर्षाचा खर्च: इथे आकडा टाका. आकडा लपवू नका. ‘मुलांना बजेट कशाला’ ही समजूत चुकीची आहे. घरखर्चाचा हिशेब यातल्या बहुतेकांना तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यापेक्षा बरा जमतो.

निर्णय कोण घेणार, कधी: नाव, हुद्दा, तारीख.

याच्या जागी ‘किशोरवयीन आरोग्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असा प्रश्न ठेवला तर ‘जनजागृती झाली पाहिजे’ हेच उत्तर मिळेल. दर वेळी. प्रश्न ढोबळ असला की उत्तरही ढोबळच येतं, त्यात मुलांचा दोष नाही.

टप्पा ७: पहिली बैठक

जागा तालुक्याच्या ठिकाणी, बसस्टँडपासून चालत जाण्याजोगी. वेळ अकरा ते तीन. खुर्च्या गोलात, मंच नको, दीपप्रज्वलन नको, पाहुण्यांचं मनोगत तर मुळीच नको. जिल्ह्यातले वरिष्ठ अधिकारी येणार असतील तर त्यांना शेवटच्या तासाला बोलवा. ते पहिल्यापासून बसले की मुलं ‘सर, सगळं छान चाललंय’ म्हणतात.

क्रम असा ठेवा. आधी नियम: काय गुप्त राहील, काय नाही, फोटो कोणाचे नाहीत. मग टप्पा १ मधलं वाक्य फळ्यावर लिहा, म्हणजे इथे कशाचा निर्णय व्हायचा आहे आणि कशाचा नाही हे सगळ्यांना दिसेल. मग दोघा-तिघांच्या छोट्या गटांत चर्चा, मुली वेगळ्या बसू इच्छित असतील तर वेगळ्या. मग एकत्र. शेवटी मत नोंदवायचं चिठ्ठ्यांवर, हात वर करून नको. हात वर करायला लावलं की सगळे सर्वात धीट पोराकडे बघून हात वर करतात.

इतिवृत्त त्यांच्या शब्दांत लिहा. ‘अंगणवाडीत सेविकेची सासू बसलेली असते, ती विचारते कसली गोळी’ हे वाक्य ‘गोपनीयतेचा अभाव’ असं झालं की त्यातली उपयोगाची माहिती निघून जाते.

तपासा: जाताना दोन सदस्यांना बाजूला विचारा, ‘आज कशावर निर्णय होता?’ दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर तुमचा कागद किंवा तुमचं बोलणं अवघड होतं.

टप्पा ८: जिनिव्हाशी कॉल

कधीतरी मुख्यालयातून मागणी येते: आमच्या ऑनलाइन सत्रात तुमच्या गटातली एक मुलगी बोलेल का? संधी चांगली आहे. मात्र होकार देण्याआधी घड्याळ बघा. जिनिव्हात दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ. खेड्यातल्या मुलीने रात्री साडेआठला तुमच्या ऑफिसात यायचं, यात कोणाचं काय अडतं ते त्यांना कळत नाही. कळवा. जिनिव्हात सकाळी दहाला ठेवा म्हणावं, म्हणजे आपल्याकडे दीड किंवा अडीच होतील. मागितलं तर बहुधा मिळतं, पण कोणी मागतच नाही.

मुलीला मराठीतच बोलू द्या. दुभाषा लागेल आणि वेळ दुप्पट लागेल, तो सत्राच्या वेळापत्रकात धरायला सांगा. तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द बसतात. मजकूर तिचा तिनेच करायचा, तुम्ही फक्त वेळ मोजायची.

दुभाषा म्हणून तिच्या प्रकल्पाचा अधिकारी नको. ती म्हणते, ‘नर्सबाई सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात, लग्न झालंय का’ आणि अधिकारी सांगतो, ‘सेवा अधिक मैत्रीपूर्ण होण्यास वाव आहे असं तिला वाटतं.’ कोणी खोटं बोललेलं नसतं, पण सांगायचं ते पोचलेलं नसतं. बाहेरचा दुभाषा घ्या आणि आदल्या दिवशी दोघांना तासभर एकत्र बसवा.

आणखी एक. तिने स्वतःच्या दुःखाची गोष्ट सांगावी असा आग्रह आयोजक करतात. तिला सांगायची असेल तर ठीक. नसेल तर प्रकल्पाबद्दल बोलू द्या. नकार तिच्या वतीने तुम्ही कळवा, तिच्यावर सोडू नका.

टप्पा ९: पंधरा दिवसांत उत्तर

सगळ्या टप्प्यांत हाच सर्वात जास्त वगळला जातो, आणि गट दुसऱ्या वर्षी टिकतो की नाही हे यावरच ठरतं. बैठकीनंतर पंधरा दिवसांत एक पान पाठवा. तीन रकाने: तुम्ही काय म्हणालात, काय ठरलं, का. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही. ‘संध्याकाळी अंगणवाडी उघडी ठेवता येणार नाही, कारण सेविकांच्या कामाच्या वेळा आमच्या हातात नाहीत. आम्ही पर्यवेक्षिकांना पत्र दिलं आहे, प्रत जोडली आहे.’ असा स्पष्ट नकार मुलं पचवतात. ‘आपल्या सूचनांचा सकारात्मक विचार केला जाईल’ हे वाक्य त्यांनी ग्रामपंचायतीत पुष्कळ ऐकलेलं असतं.

२०१८ साली माता, नवजात व बाल आरोग्य भागीदारी या जिनिव्हास्थित मंचाने तरुणांच्या अर्थपूर्ण सहभागाबद्दल एक जागतिक सहमतीपत्र पुढे आणलं. सहभाग हक्कांवर आधारलेला, पारदर्शक, ऐच्छिक, आदर राखणारा आणि सुरक्षित असावा, असा त्याचा गाभा आहे. देणगीदाराला अहवाल देताना या पाच शब्दांखाली तुमचे तीन रकाने मांडा. किती मुलं आली, किती बैठका झाल्या, हे त्यानंतर. ‘गटाच्या सांगण्यावरून बदललेले निर्णय’ आणि ‘कारण देऊन नाकारलेल्या सूचना’ असे दोन आकडे दिलेत तर मूल्यमापकाच्या प्रश्नाला मुलाला समन्वयकाकडे बघावं लागणार नाही.

टप्पा १०: मुदत संपल्यावर

वर्ष-दोन वर्षांनी मुलं विचारतात, पुढे काय? यातल्या काहींना थेट या संस्थांत जायचं असतं, आणि इथे चुकीची माहिती फार फिरते. चार गोष्टी त्यांना नीट सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या इंटर्नशिपसाठी वय किमान २०, पदवीची तीन वर्षं पूर्ण, आणि अर्ज करताना शिक्षण चालू असावं किंवा संपून सहा महिन्यांहून जास्त काळ झालेला नसावा. म्हणजे ‘आधी पदवी घेतो, वर्षभर तयारी करतो, मग अर्ज करतो’ म्हणणारा अपात्र ठरतो. कालावधी ६ ते २४ आठवडे. २०२०पासून विद्यावेतन मिळतं, जायचा-यायचा खर्च आपला. आई, वडील, भाऊ, बहीण तिथे नोकरीला असतील तर चालत नाही. जिनिव्हाचंच स्वप्न नको; संघटनेचं आग्नेय आशियाचं प्रादेशिक कार्यालय आणि भारताचं कार्यालय दोन्ही दिल्लीत आहेत, व्हिसाची भानगड नाही.

ज्यांची पदवी नाही किंवा जे गाव सोडू शकत नाहीत त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमातलं ऑनलाइन काम आहे. वय १८ पूर्ण असलं की नोंदणी होते. भाषांतर, चित्रं, माहितीची मांडणी अशी कामं असतात. पैसे मिळत नाहीत, अनुभव मिळतो. प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन काम करणाऱ्या युवा स्वयंसेवकांसाठी १८ ते २६ ही वयोमर्यादा आहे आणि त्यांना निर्वाह भत्ता असतो.

वैद्यकीय शाखेची मुलं जागतिक आरोग्य परिषदेत सहसा स्वतःच्या नावावर जात नाहीत, विद्यार्थी संघटनेमार्फत जातात. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध आहेत आणि भारतातली मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया त्याची सदस्य आहे. सुरुवात आपल्या महाविद्यालयातल्या शाखेपासून करायची.

चौथी गोष्ट: अर्ज, मुलाखत, ‘प्रक्रिया शुल्क’, कशासाठीही या संस्था पैसे घेत नाहीत. पैसे मागणारा मेल किंवा फोन आला की तो फसवणुकीचा. जिनिव्हात नोकरी लावून देतो म्हणणारे एजंट जिल्ह्याच्या गावीही असतात.

आणि अनुभवपत्र द्या. ‘उत्साहाने सहभागी झाला’ असं न लिहिता काय केलं ते लिहा: किती महिने गटात होता, कोणत्या विषयावर मत मांडलं, त्यावरून कोणता निर्णय बदलला. मराठीत एक प्रत, इंग्रजीत एक. सही ज्याने निर्णय घेतला त्याची.